मॉडच्या हातावरचा आकडा

'हॅरॉल्ड अँड मॉड' मी पहिल्यांदा पाहिला तो एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. वय बावीस. पोट धरून हसलो आणि घरी आलो. त्यातली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या नजरेतून साफ निसटली होती, हे कळायला पुढे तीस वर्षं जावी लागली.

हा १९७१ सालचा अमेरिकी चित्रपट. लेखक कॉलिन हिगिन्स, दिग्दर्शक हॅल अ‍ॅशबी. श्रीमंत घरातला तरुण हॅरॉल्ड आत्महत्येची हुबेहूब नाटकं करत असतो. आईला त्याचं काहीच नाही. मुलगा समोर लटकलेला दिसतो आणि ती शांतपणे फोन फिरवते! तिनं दिलेल्या नव्याकोऱ्या जॅग्वार गाडीची तो शववाहिका करून टाकतो. अनोळखी माणसांच्या अंत्यविधींना जाणं हा त्याचा छंद. तिथेच त्याला मॉड भेटते, एकोणऐंशी वर्षांची. लोकांच्या गाड्या बिनदिक्कत पळवणारी, शहराच्या फुटपाथवर गुदमरणारं झाड उपटून जंगलात नेऊन लावणारी. हा मुलगा तिच्या चक्क प्रेमात पडतो. रूथ गॉर्डन आणि बड कॉर्ट यांनी ते आपल्याला पटवूनही दिलंय.

प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपट आपटला. पण गंमत बघा, मिनेसोटातल्या एडायना गावच्या वेस्टगेट थिएटरात तो पुढे दोन वर्षांहून अधिक काळ चालला. शेवटी आजूबाजूच्या रहिवाशांनी फलक घेऊन निदर्शनं केली, की आता दुसरा सिनेमा लावा!

तर, ती निसटलेली गोष्ट. मावळतीला दोघं खाडीकाठी बसलेली असतात. हॅरॉल्ड तिचा हात हातात घेतो आणि मनगटाच्या वर गोंदलेला एक आकडा दिसतो. क्षणभरच. ऑशविट्झच्या छळछावणीत नाझी कैद्यांच्या हातावर असे आकडे गोंदत. हॅरॉल्ड काही विचारत नाही, मॉड काही सांगत नाही. ती पाखरांविषयी बोलते. दुसऱ्या कुणी इथे फ्लॅशबॅक घातला असता, व्हायोलिनं रडवली असती. मरणाचा खेळ मांडणाऱ्या मुलाशेजारी मरण पाहून आलेली बाई बसली आहे, एवढंच अ‍ॅशबी दाखवतो.

श्रोतेहो, आता शेवट सांगतोय, माफ करा. ऐंशीव्या वाढदिवशी मॉड स्वतःच आयुष्य संपवते. हे तिनं आधीच ठरवलेलं असतं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा माझी आई नुकतीच गेली होती, ब्याऐंशीव्या वर्षी. शेवटच्या आठवड्यात अंथरुणाला खिळलेली, तरी खिडकीतल्या तुळशीला पाणी घातलंत का, म्हणून रोज विचारायची. त्यामुळे असेल, पण मला मॉडचा राग आला. रस्त्यावरचं झाड वाचवणाऱ्या बाईनं असं करावं? तो राग अजून गेलेला नाही.

मग ती शववाहिका कड्यावरून खाली कोसळताना दिसते. आपण डोळे मिटून घेतो. उघडतो तेव्हा कड्यावर हॅरॉल्ड उभा असतो, मॉडनं दिलेला बँजो घेऊन. तो तारा छेडतो आणि दोन पावलं नाचत चालू लागतो.