मोबाइललाही उंबरठा हवा

(शिरूर अनंतपाळ येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश.)



मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाशी माझा संबंध बातमी लिहून पाठविण्यापुरता. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला आमच्या घरातला एक प्रसंग कारणीभूत आहे.

गोष्ट २०२१ मधली. लातूरला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने खोलीभाड्यासाठी मोबाइलवरील एका ॲपकडून पाच हजार रुपये उचलले. परतफेड चार दिवस लांबली आणि त्याच्या प्राध्यापकांना, घरमालकांना, एवढेच काय, गावाकडे असलेल्या माझ्या वृद्ध आईलाही शिवीगाळीचे फोन येऊ लागले. आईने त्या ॲपचे नावही ऐकलेले नव्हते. मग तिचा क्रमांक त्यांना दिला कोणी? भाच्यानेच. ॲप घेताना ‘परवानगी द्या’ या शब्दांवर त्याने बोट टेकविले आणि फोनमधील शेकडो माणसे क्षणात परक्यांच्या स्वाधीन झाली.

त्या दिवशी एक गोष्ट मनावर कोरली गेली. खासगीपणा ही एकट्याची मालमत्ता नसते. आपल्या फोनमधील नावे, क्रमांक, छायाचित्रे ही इतरांनी विश्वासाने आपल्यापाशी ठेवलेली ठेव आहे, आणि ठेव सांभाळणे हा आपल्याकडे धर्म मानला गेला आहे.

पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपना ग्राहकाची संपर्कयादी, कॉलच्या नोंदी आणि फोनमधील फायली यांना हात लावण्यास मनाई केली. नियम उत्तमच, परंतु चोर नियम वाचून घरात शिरत नाही. पहिला पहारा आपल्यालाच द्यावा लागतो.

येथील ज्येष्ठांना आणीबाणी आठवत असेल. आपले पत्र कोणी फोडून वाचले असेल का, ही धास्ती त्या काळात अनेक घरांनी अनुभवली. आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये जबलपूर प्रकरणात दिला. त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले, आणि त्याच निकालात जबलपूरचा निर्णय चुकीचा ठरवून मोडीत काढण्यात आला. त्यातील प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. मुलाने वडिलांची चूक दुरुस्त केली. इतक्या कष्टाने पदरात पडलेला हा अधिकार आपण एका बोटाच्या स्पर्शाने देऊन टाकावा काय?

मग करावे काय? पोस्टकार्ड आणि अंतर्देशीय पत्र यांतला फरक आठवा. पोस्टकार्ड कोणीही वाचावे. अंतर्देशीय पत्राचा मजकूर झाकलेला असे, पण कोणाचे पत्र कोणाला चालले आहे हे पोस्टात दिसे. व्हॉट्सॲपचे आजचे संदेश या अंतर्देशीय पत्रासारखे आहेत. २०१६ पासून त्यांचा मजकूर बंदिस्त असतो. मात्र आपण कोणाशी आणि केव्हा बोलतो, याची माहिती कंपनीला मिळू शकते. ‘सिग्नल’ हे ॲप नफा न कमावणाऱ्या संस्थेचे आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत ते ॲप चालविणाऱ्यांकडे न्यायालयीन आदेशाने माहिती मागण्यात आली, तेव्हा खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले, या दोनच गोष्टी ते देऊ शकले. बाकीचे त्यांनी साठविलेच नव्हते!

स्वदेशीच का वापरू नये, असा प्रश्न आपल्या मनात येईल. अवश्य वापरावे. झोहो या भारतीय कंपनीचे ‘अरट्टई’ २०२५ मध्ये घरोघरी पोहोचले, याचा आनंदच आहे. परंतु ते गाजले त्या वेळी त्यातील कॉल बंदिस्त होते, लेखी संदेश तसे नव्हते. म्हणून स्वदेशी ही एक कसोटी आणि बंद पाकीट ही दुसरी. दोन्ही कसोट्या लावाव्यात. लोकांनी तशी मागणी केली, तर आपल्या कंपन्याही अधिक चोख होतील.

घरच्या संगणकावर पत्रे, हिशेब, कार्यक्रमपत्रिका लिहिण्यासाठी ‘लिब्रे ऑफिस’ आहे. ते विनामूल्य असून मराठीतही वापरता येते. लिहिलेले आपल्याच यंत्रात राहते. इंटरनेटवर वावरण्यासाठी ‘फायरफॉक्स’ आहे. या दोन्हींची मूळ संहिता कोणीही जाणकार उघडून तपासू शकतो. आधारची प्रत द्यायची वेळ आली आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसली, तर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून केवळ शेवटचे चार आकडे दाखविणारे ‘मास्क्ड आधार’ काढून द्यावे.

प्रत्येक नव्या ॲपला तीन प्रश्न विचारावेत. तुला माझे काय काय दिसणार? ते तू कोठे ठेवणार? तू फुकट आहेस, तर तुझे पोट कशावर भरते? विजेरीच्या ॲपला आपली संपर्कयादी कशाला हवी? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास त्याला उंबरठ्याबाहेरच थांबवावे.

आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला काय परवानगी दिली आहे, ते पाहावे. अनावश्यक ते बंद करावे. मुलांना रागावू नये. त्यांच्याकडून शिकावे आणि त्यांनाही शिकवावे. माझ्या भाच्याने ती गोष्ट कितीतरी दिवस लपविली, ती आमच्या रागाच्या भीतीने.

कर्ज फिटले, फोनही थांबले. माझी आई मात्र आजही अनोळखी क्रमांकाचा फोन उचलत नाही. आपल्या घरातील आईवर ही वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हे बोललो.