ट्रंकेतली लाल टोपी

आज आम्ही बचत गटातल्या सहाजणी तुमच्याशी बोलतोय. बोलणार आहोत एका लोखंडी ट्रंकेविषयी. सातारा जिल्ह्यात अशी ट्रंक कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतेच. घरातला एखादा माणूस पलटणीत होता, पेन्शनवर आला आणि ट्रंक माळ्यावर गेली, ती तिथंच राहिली.

आमच्या गटातल्या आक्कांचे मालक गेल्या साली वारले. माळा आवरताना ट्रंक खाली काढली. त्याच दिवशी भंगारवाला दारात आलेला. आक्कांच्या नातवानं पितळेचा बिल्ला आणि मेडलं तागडीत टाकली सुद्धा. आमच्यातली एक तिथं हप्ता गोळा करायला गेली होती. ती म्हणाली, "थांबा जरा, हे काय आहे ते तरी बघू." तागडीतनं सगळं परत काढलं.

आक्कांना विचारलं, मालक कुठल्या पलटणीत होते? त्या म्हणाल्या, "मराठा पलटनीत. छत्री घिऊन इमानातनं उड्या मारायचं म्हनत. मला वाटायचं, चेष्टाच करत्यात."

पण चेष्टेला वेळ नव्हता. आक्कांची कुटुंब पेन्शन अडली होती. कार्यालयातनं सांगितलं होतं की नाव जुळत नाही. आक्कांच्या आधार कार्डावर एक नाव, पलटणीच्या कागदात दुसरंच. तीन खेपा झाल्या तरी कुणी धड सांगितलं नाही की दुसरं नाव आहे तरी काय. म्हणून ट्रंकेतलं सगळं चादरीवर मांडून आम्ही एकेक वस्तू बघायला बसलो.

ट्रंकेत होती एक गडद लाल टोपी, कसर लागलेली. तिच्यावर धातूचा बिल्ला. कापडाचा एक तुकडा, त्यावर पंख विणलेले. दोन गोल मेडलं आणि एक चांदणीच्या आकाराचं. डिस्चार्ज बुक होतं, पण वाळवीनं पहिलं पान निम्मं खाल्लेलं. पेन्शनच्या हुकमाचे नुसते तुकडे उरलेले.

आम्ही पहिली चूक तिथंच केली. आक्का म्हणाल्या मराठा पलटण, म्हणून अर्ज धाडला बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला. तिथं त्या नावाचा माणूस सापडेना. मग गावातल्या एका निवृत्त सुभेदारांना बिल्ला दाखवला. त्यांनी हातात घेतला आणि हसले. म्हणाले, "मराठ्यांच्या बिल्ल्यात बिगुल असतो. ह्यात बिगुल कुठाय? ही उघडलेली छत्री, हे दोन बाजूचे पंख, मध्ये खंजीर. हा पॅराशूट रेजिमेंटचा बिल्ला. अन् ही लाल टोपी पॅराट्रूपरचीच."

मग आक्का खोटं बोलल्या का? नाही. सुभेदारांनी सांगितलं, की मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण दुसऱ्या महायुद्धानंतर छत्रीची पलटण झाली. १९४८ साली काश्मीरात झांगरला लढली. १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तीच पलटण दुसरी पॅरा झाली. नाव बदललं, पण आपल्याकडची पोरं त्यात भरती होत राहिली. जुनी माणसं तिला मराठा पलटणच म्हणत राहिली. आक्का ऐकलं तेच सांगत होत्या. बिल्ल्यानं नेमकी पलटण सांगितली, आणि आमचा दुसरा अर्ज बेंगळूरला गेला. पॅराशूट रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस तिथं आहे.

पण अर्जात सैनिकाचा नंबर लागतो. वाळवीनं नंबराचे शेवटचे आकडे खाल्ले होते. आता काय करायचं? सुभेदार म्हणाले, "मेडलची कड बघा." उन्हात धरलं, चष्म्याच्या दुकानातनं भिंग आणलं. मेडलच्या कडेवर, जिथं आपण कधी बघत नाही, तिथं बारीक अक्षरं होती. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. सगळा नंबर शाबूत.

इथं एक गोष्ट मनावर घ्या, बायांनो. आपण पितळ दिसलं की चिंच आणि राख घेऊन घासायला बसतो. मेडल घासू नका. घासलं की चकाकी येते आणि नाव पुसलं जातं. आक्कांनी दिवाळीला एक मेडल घासलं होतं, त्याची कड आता वाचता येत नाही. दुसरं विसरलं होतं, म्हणून वाचलं.

चांदणीचं मेडल म्हणजे पूर्वी स्टार. १९७१ च्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर जे होते, त्यांना ते मिळालं. एका गोल मेडलवर संग्राम मेडल असं आहे, तेही १९७१ चंच. आणि कापडावरचे पंख म्हणजे छत्रीची परीक्षा पास झाल्याची खूण. आग्र्याच्या शाळेत पाच उड्या माराव्या लागतात, त्यातली एक रात्रीची. पाच पुऱ्या झाल्या की पंख मिळतात.

पलटण आणि पूर्वी स्टार, या दोन्हींवरनं सुभेदारांनी पुढचं सांगितलं. ११ डिसेंबर १९७१. आजच्या बांगलादेशात टांगाईल नावाचं गाव आहे. जमालपूर-मैमनसिंगकडनं पाकिस्तानी फौज ढाक्याकडे मागं सरत होती. वाटेत लोहाजंग नदीवर पुंगलीचा पूल होता. तो पूल अडवायचं काम दुसऱ्या पॅराला मिळालं. दिवस मावळायच्या आधी विमानं आली आणि सुमारे सातशे जवान छत्र्यांनी खाली उतरले. पाठीवर मोठी छत्री, पोटावर जादाची छत्री. विमानातल्या तारेला पट्ट्याचा हुक अडकवायचा आणि दारातनं बाहेर पडायचं. पट्टा ताणला की छत्री आपोआप उघडते. कोण तळ्यात पडलं, कोण लांब शेतात. गावकरी धावत आले आणि सामान उचलायला लागले. त्याच रात्री पूल ताब्यात आला. दुसऱ्या दिवशी जमालपूरकडनं पहिली मराठा, आपली जंगी पलटण, त्यांना येऊन मिळाली. १६ डिसेंबरला ढाक्यात पहिल्यांदा शिरली ती हीच दुसरी पॅरा. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांना महावीर चक्र मिळालं.

आक्का हे सगळं ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पन्नास वर्सं एका घरात राह्यलो. कधी बोललं न्हाईत. मीबी इचारलं न्हाई."

आता नावाचा घोळ. टोपीला ऊन द्यावं म्हणून आम्ही ती उलटी केली, तर आतल्या अस्तरात एक घडी हाताला लागली. निळं अंतर्देशीय पत्र होतं, थोरल्या भावाला लिहिलेलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गावाचं नाव नाही, नुसता लष्करी टपालाचा नंबर. घरच्या बैलांची चौकशी, आईच्या दम्याची चौकशी, आणि शेवटी दोन ओळी. पलटणीत कागद भरताना हिचं माहेरचं नाव सांगितलं गेलं, सुट्टीवर आलो की सासरचं लावून घेतो. सुट्टीवर आले, पोरं झाली, पेन्शन झाली. नाव लावायचं राहूनच गेलं.

आपल्यापैकी कितीजणींची नावं लग्नात तांदळाच्या ताटात बदलली? सासरी एक, माहेरी एक. घरात चालून जातं, पण कागदात त्या दोन बायका होतात. आणि नवरा गेल्यावर बाईलाच सिद्ध करावं लागतं की ती बाई मीच.

ते पत्र काही सरकारी पुरावा नव्हे. पण चूक नेमकी कुठं आहे ते त्यानं दाखवलं. मग आम्ही आक्कांच्या माहेरी गेलो. शाळेचा दाखला मिळाला, त्यावर माहेरचं नाव. लग्नाचा फोटो आणि लग्नपत्रिका मिळाली. ग्रामपंचायतीचा दाखला घेतला. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातनं अर्ज नीट लिहून घेतला आणि बेंगळूरला धाडला. सात महिने लागले. गेल्या महिन्यात आक्कांच्या खात्यात पेन्शन जमा झाली, मागच्या थकबाकीसकट. आक्कांनी पेढे वाटले.

भंगारवाल्यानं टोपी नेली असती, तर पत्रही गेलं असतं. म्हणून आमचं सांगणं एवढंच, की बिल्ला, मेडलं आणि कागद एकाच ठिकाणी ठेवा. एक कुणी शोकेसमध्ये नेतं, एक माळ्यावर राहतं, एक रद्दीत जातं. वेगळं झालं की कशाचाच कशाला पत्ता लागत नाही.

तुमच्या घरी ट्रंक असेल तर हे करा. सगळं काढून चादरीवर मांडा आणि फोटो काढा. काय काय आहे त्याची वहीत यादी करा. नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची तारीख, घरी आल्याची तारीख लिहून घ्या. जुने कागद लॅमिनेट करू नका, एकदा चिकटलं की निघत नाही. आधी झेरॉक्स काढा. मूळ कागद कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, दमट धरतं. मेडलच्या फिती धुऊ नका. फोटोच्या मागं पेन्सिलनं नावं लिहा. आणि पेन्शनच्या कागदांचे, नंबरांचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, फसवणूक होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मालक हयात असतील तर आजच विचारा. तुमच्या पलटणीच्या कागदात माझं नाव काय लावलंय? चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्यांच्याच सहीनं जाऊ द्या. त्यांच्या सहीनं सोपं जातं, त्यांच्यामागं अवघड. विचारायला लाजू नका. आणि नावाचं विचारून झालं की उडीचंही विचारा.

आक्कांनी बिल्ला आता देवघराशेजारी ठेवलाय. घासत नाहीत, नुसता फडक्यानं पुसतात. नातू शाळेतल्या पोरांना घेऊन येतो आणि सांगतो, आमचं आजोबा छत्रीतनं उतरलं होतं. आक्का मग त्याला दुरुस्त करतात, "नुसतं उतरलं न्हाईत, पूल घेतला त्यांनी."

बरं मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत ट्रंक उघडा आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा. राम राम.