जुन्या मोटारींचे मेळे

सातपुड्याच्या पायथ्याशीं तळोदा नांवाचें गांव आहे. पूर्वीं तें खानदेश जिल्ह्यांत, मग पश्चिम खानदेशांत, पुढें धुळें जिल्ह्यांत गणलें जाई. १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें. १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या सरकारी गॅझेटियरांत या गांवाची नोंद इमारती लांकडाची मोठी पेठ म्हणून आहे, आणि खानदेशांतील उत्तम लांकडी गाड्या येथेंच तयार होत असाही उल्लेख त्यांत आढळतो. अक्राणीच्या डोंगरांतून साग उतरावा आणि तळोद्याच्या सुतारानें त्याची गाडी करावी, असा तो व्यवहार होता. मोटारींच्या कथेस बैलगाडीपासून आरंभ झालेला पाहून श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु आज ज्या जुन्या विलायती मोटारींचे मेळे भरतात, त्यांतील पुष्कळ मोटारी, वरचा पत्रा काढून पाहिल्यास, सुताराच्याच हातच्या निघतात.

एम. जी. नांवाच्या दोन माणसांच्या उघड्या मोटारीचें उदाहरण घ्यावें. ऑक्सफर्ड येथील ‘मॉरिस गॅरेजेस’ या पेढीच्या आद्याक्षरांवरून हें नांव पडलें. सेसिल किंबर हे या मोटारीचे जनक. १९४५ ते १९४९ या काळांत ॲबिंग्डनच्या कारखान्यांतून तिचा ‘टी. सी.’ हा प्रकार सुमारें दहा हजारांच्या संख्येनें बाहेर पडला. १२५० घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें एंजिन, तारांच्या आऱ्यांचीं उंच चाकें, पुढें दुमडून पाडतां येणारी कांच आणि पाठीमागें उभी बसविलेली पेट्रोलची टांकी, असें तिचें रूप. खालची चौकट पोलादी. पण तिच्यावरची पेटी ॲश नांवाच्या विलायती झाडाच्या लांकडाची, आणि त्यावर पत्रा मढविलेला. इंग्लंडांत याच लांकडाचे गाड्यांचे व हत्यारांचे दांडे होत. कारण तें धक्का सोसतें, आणि मोडण्यापूर्वीं वांकतें. माल्व्हर्न गांवची मॉर्गन कंपनी तर आजही आपल्या मोटारींच्या पेटीला ॲशचाच सांगाडा घालते. मॉर्गनची खालची चौकटही लांकडाची असते अशी एक दंतकथा आहे. ती मात्र खरी नव्हे.

आतां हें लांकूड मुंबईच्या दमट हवेंत आलें म्हणजे त्याची काय गति होते, हें सांगावयास नकोच. पत्र्याखालीं पाणी मुरतें, सांधे कुजतात आणि प्रथम दार लोंबूं लागतें. मालक बिजागरी बदलतो. दार पुन्हा लोंबतें. दोष बिजागरीचा नसून ती ज्या खांबाला खिळली आहे त्या खांबाचा आहे, हें ज्याच्या प्रथम लक्षांत येतें तो मिस्त्री खरा. मग पत्रा उतरवून, कुजका तुकडा नमुना म्हणून पुढें ठेवून, त्याच मापाचा नवा तुकडा अनेकदां सागाचा घडविला जातो. ॲशपेक्षां साग वांकण्यास नाखूष, परंतु पाण्याला व वाळवीला दाद न देणारा. चाकांची गोष्ट याहून गमतीची आहे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवितात, वर पाणी ओतून आवळतात, आणि तुंब्याचा भार खालच्या आऱ्यांवर दाबून बसतो. तारेच्या चाकांत नेमकें उलट घडतें. तेथें तुंबा वरच्या तारांना टांगलेला असतो. कांहीं तारा सैल पडल्या कीं बाकीच्यांवर ताण येऊन चाक डोलूं लागतें. तारांवर बोटानें टिचकी मारून आवाजावरून त्यांचा ताण ओळखणारे कारागीर आतां थोडेच उरले आहेत.

अशा मोटारी हौसेनें संभाळणाऱ्यांनीं युरोपांत मंडळें स्थापिलीं. एम. जी. च्या मालकांचें मंडळ १९३० सालीं निघालें, तर ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ १९३४ सालीं. या दुसऱ्या मंडळाचा सिद्धान्त असा कीं, १९३० नंतर मोटार स्वस्त झाली खरी, पण तिची घडण उतरली. सबब १९३१ पूर्वींची मोटार तीच अस्सल. जुने आंबे अधिक गोड होते, अशांतलाच हा दावा. मात्र हें मंडळ श्रीमंतांसाठीं निघालें नव्हतें. नवी महाग मोटार ज्यांना परवडत नव्हती, अशा हौशी लोकांसाठीं तें होतें, ही गोष्ट आज त्या मोटारींच्या किमती ऐकतांना सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

मेळ्यांची परंपरा याहूनही जुनी आहे. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें रस्त्यावरच्या यांत्रिक वाहनापुढें तांबडें निशाण घेऊन एका माणसानें चालावें असें ठरलें होतें. वेगाची मर्यादा उघड्या रस्त्यावर ताशीं ४ मैल आणि वस्तींत २ मैल. निशाणाची सक्ती पुढें सैल झाली, पण वेगाचें बंधन राहिलें. १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं नवा कायदा अंमलांत आला, मर्यादा १४ मैलांवर गेली, आणि त्याच दिवशीं मोटारवाल्यांनीं लंडनहून ब्रायटनपर्यंत दौड काढून आपली सुटका साजरी केली. १९२७ पासून तिचें स्मरण म्हणून ती पुन्हा काढली जाऊं लागली. १९०५ पूर्वींच्या मोटारींनाच तींत प्रवेश असतो. १९५३ सालीं या दौडीवर ‘जेनेव्हीव्ह’ नांवाचा विनोदी चित्रपट निघाला, आणि जुन्या मोटारींचें वेड त्यानें घरोघर नेलें.

रॅली म्हणजे शर्यत, अशी अनेकांची समजूत आहे. मंडळांच्या बहुतेक रॅलींत वेगाला बक्षीस नसतें. मोटारी एकेका मिनिटाच्या अंतरानें सुटतात. हातांत एक मार्गपत्रिका मिळते. अमुक टप्प्यापर्यंत सरासरी इतकाच वेग राखावा असें तीत लिहिलेलें असतें. मध्येंच कोठेंतरी, झाडाआड, तपासणीचें ठाणें दडलेलें असतें. तेथें उशिरा पोंचलें तरी दंड आणि लवकर पोंचलें तरी दंड. म्हणून चालविणाऱ्यापेक्षां शेजारीं घड्याळ घेऊन बसणाऱ्याचें महत्त्व अधिक. हें काम पुष्कळदां पत्नीकडे असतें, आणि चुकलेल्या वळणाचा निवाडा संध्याकाळच्या जेवणापर्यंत लागत नाहीं.

याहून कितीतरी कठोर अशी एक दौड १९६८ सालीं खानदेशच्या अंगावरून गेली. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ मोटारी सिडनीकडे निघाल्या. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली, इंदूर करीत त्या डिसेंबरच्या आरंभीं मुंबईस आल्या, आणि तेथून ‘चुसान’ नांवाच्या आगबोटींतून ऑस्ट्रेलियास गेल्या. तळोद्याहून पूर्वेस शहादा ओलांडून गेलें म्हणजे शिरपुरापाशीं जो मुंबई-आग्रा रस्ता लागतो, तोच हा मार्ग. दिल्लीपासून मुंबईपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा माणसें उभीं होतीं असें त्या दौडीच्या वर्णनांत येतें. या मोटारींत जीन डेंटन या बाईंची एक एम. जी. होती आणि ती सिडनीपर्यंत पोंचली. १९३० सालची एक प्रचंड बेंटलेही निघाली होती, पण तिला तुर्कस्तानांतच अपघात झाला. पहिला क्रमांक अँड्र्यू कोवन यांच्या साध्या हिलमन हंटरला मिळाला. डौलाची किंमत रस्त्यावर नेहमीच येते असें नाहीं.

मुंबईस जुन्या मोटारींची हौस वाढविणाऱ्यांत प्राणलाल भोगीलाल यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. अहमदाबादेजवळ कठवाडा येथें त्यांनीं जमविलेल्या मोटारींचें संग्रहालय आहे. २०११ सालीं ते निवर्तले. मुंबईंतील मंडळांचे मेळे फोर्ट भागांतून, रस्ते मोकळे असतांना, रविवारीं सकाळीं निघत आले आहेत. लहान मुलांना खांद्यावर घेऊन लोक येतात, भोंग्याचा रबरी फुगा दाबून पाहतात, आणि मालक वरवर कौतुकानें व मनांतून धास्तीनें तें पाहत उभा राहतो.

२०२१ सालीं केंद्र सरकारनें अशा वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांतील दुचाकी व चारचाकी खाजगी वाहनांना निराळा नोंदणीक्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें. असें वाहन प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणें एवढ्यासाठींच रस्त्यावर आणतां येतें; रोजच्या जाण्यायेण्यास नाहीं. भंगारांत निघालेल्या कित्येक मोटारींना यामुळें संरक्षण मिळालें, हें मान्य केलें पाहिजे. पण न चालणारी मोटार लवकर मरते. रबरी नळ्या सुकतात, टांकीला आंतून गंज चढतो, ब्रेक जागच्या जागीं धरून बसतात. म्हणून या मेळ्यांकडे श्रीमंतांची मिरवणूक म्हणून पाहणें पुरतें न्याय्य नाहीं. वर्षांतून चार वेळां शंभर मैल चालणें, एवढाच कित्येक मोटारींचा व्यायाम असतो. ज्या मोटारी झांकलेल्या ट्रकवर चढवून मेळ्यास आणतात आणि तशाच परत नेतात, त्यांच्या चकाकीबद्दल बक्षीस देणाऱ्या परीक्षकांनीं मात्र थोडा विचार करावा.

अशा मोटारी जिवंत ठेवण्याची खरी भिस्त आयात बंद असतांनाच्या दिवसांत तयार झालेल्या मिस्त्र्यांवर आहे. इंग्लंडचा सुटा भाग मिळत नसे. म्हणून तो लेथवर कातला जाई, सांचा करून ओतला जाई, नाहींतर दुसऱ्या कोणत्या तरी गाडीचा भाग घासून बसविला जाई. आज सुटे भाग टपालानें येतात. परंतु सागाचा खांब कापण्यास माणूसच लागतो. इकडे तळोद्यासारख्या पेठांतून बैलगाडीची मागणी रबरी टायरांच्या गाड्यांनीं व ट्रॅक्टरांनीं ओढून नेली, आणि गाडीसुतारांचीं मुलें दारें-खिडक्या व पलंग करूं लागलीं.

मुंबईच्या मेळ्यांत पहिली मोटार सुटतांना टाळ्या पडतात त्या चालविणाऱ्याला. तिच्या मागून, कांहीं अंतर राखून, एक साधी बंदिस्त गाडी निघते. तींत हत्यारांची पेटी, पाण्याचा डबा, तारेचें भेंडोळें आणि मिस्त्री असतो. त्याच्या गाडीला क्रमांक दिलेला नसतो.