समवसरणातील घार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्यापीठाच्या सभागृहात माहितीपटाच्या प्रदर्शनानंतर झालेल्या परिसंवादातील भाषण)



शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट आपण आत्ताच पाहिला. २०२२ साली सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत तो गौरविला गेला आणि २०२३ मध्ये त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. परंतु आपल्या समाजाने तो पाहावा, याचे कारण पुरस्कारांहून वेगळे आहे.

दिल्लीच्या वजिराबाद भागात नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोघे बंधू जखमी घारींवर उपचार करतात. साबणाच्या डिस्पेन्सरचा व्यवसाय सांभाळून तळघरात त्यांनी हे कार्य उभे केले. त्याचा आरंभ एका नकारातून झाला. तरुणपणी त्यांनी एक जखमी घार पक्ष्यांच्या रुग्णालयात नेली असता, ती मांसाहारी असल्याने तिला तेथे उपचार मिळाले नाहीत. हा प्रसंग ऐकताना आपण अंतर्मुख व्हायला हवे, कारण पक्ष्यांची रुग्णालये आणि पांजरपोळ ही आपल्या जीवदयेची अभिमानास्पद परंपरा आहे.

मघाशी एका विद्यार्थ्याने मार्मिक प्रश्न विचारला. घार वाचली, तर ती पुढे ज्या जिवांना मारील, त्यांचे पाप कोणाला? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. परंतु मांस हा घारीचा देहधर्म आहे. तो तिने निवडलेला नाही. उपचार करणाऱ्याचा भाव हिंसेचा नसून वेदना दूर करण्याचा असतो. भगवंतांच्या समवसरणात सिंह आणि गाय जवळजवळ बसत, असे आपली परंपरा सांगते. तेथे प्रवेश देताना कोणाला त्याचा आहार विचारला जात नव्हता. भगवान महावीरांचे लांछनही सिंहच आहे.

तरीही व्रतस्थ संस्थेने मांस आणून खाऊ घालावे, असे मी म्हणणार नाही. ती अडचण खरी आहे. परंतु रक्तस्राव थांबविणे, जखम स्वच्छ करणे, पंख बांधणे आणि पुढील शुश्रूषेसाठी वनविभागाकडे किंवा अनुभवी पक्षिमित्रांकडे पोहोचविणे, यांत कोणते व्रत भंगते? दार बंद करणे आणि मर्यादा सांगून साहाय्य करणे यांत मोठे अंतर आहे.

दुसरा विचार गिधाडांचा. गुराढोरांच्या वेदना शमाव्यात म्हणून डायक्लोफेनॅक हे औषध सर्रास दिले जाऊ लागले. औषध दिलेले जनावर मेले, की त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापराविरुद्ध शासनाने पावले उचलली. गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम आता उपलब्ध आहे. गाईवरची दया गिधाडाच्या जिवावर उठली, ती करुणेच्या अभावी नव्हे, तर माहितीच्या अभावी. आपल्या परंपरेने दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिले आहे, त्याचा हा अर्थ.

तिसरा विचार मांज्याचा. काचेची पूड लावलेला दोरा घारीचा पंख हाडापर्यंत कापतो. दिल्लीत स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, तर येवल्यात आणि आपल्याकडे अन्यत्र संक्रांतीला आकाश पतंगांनी भरते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि अन्य कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही तो विकला जातो, कारण तो विकत घेणारे हात आपल्याच घरांत आहेत. चातुर्मासात पाण्यातील सूक्ष्म जीव जपण्यासाठी पाणी गाळून पिणारे आपण, गच्चीवर मुलांच्या हाती काय देतो, हे पाहत नाही.

सुवर्णमहोत्सव हा संकल्पाचा काळ असतो. म्हणून तीन गोष्टी विनम्रपणे सुचवितो. ज्या संस्था पांजरपोळ चालवितात, त्यांनी पशुवैद्यांशी बोलून गिधाडांना घातक औषधे वर्ज्य करावीत. संक्रांतीला प्रत्येक घराने साधा सुती दोराच वापरावा, आणि पक्षी घरट्यातून निघण्याच्या व परतण्याच्या वेळी, म्हणजे सकाळ-संध्याकाळ, पतंग उडवू नयेत. तिसरे असे, की ट्रस्टने पक्ष्यांसाठी प्रथमोपचाराची सोय करावी आणि तिच्या दारावर कबुतराबरोबर घारीचेही चित्र लावावे.

तत्त्वार्थसूत्राने जिवांचा परस्पर उपकार सांगितला आहे. शहरातील मांसाचा कचरा निमूटपणे नाहीसा करणारी घार आपल्यावर तो उपकार दररोज करीत असते. त्याची परतफेड करण्याची संधी आपल्या दाराशी जखमी होऊन येईल, तेव्हा तिला आपण परत पाठवू नये, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.