जिंकलेला सामना कुठे थांबवावा?



अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या आरंभी सुरू होतो, आणि त्याच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांत जे सामने खेळले जातात त्यांपैकी बऱ्याच सामन्यांचा निकाल खेळाडू मैदानात उतरण्यापूर्वीच ठरल्यासारखा असतो. कारण एका बाजूला एखादे धनाढ्य, नामांकित विद्यापीठ असते आणि दुसऱ्या बाजूला एखादे लहानसे महाविद्यालय, जे आपल्या क्रीडाखात्याचा वार्षिक जमाखर्च जुळवण्यासाठी, ठरलेला मोबदला घेऊन, हरण्याची पुरेपूर तयारी ठेवून परगावी आलेले असते. हा मोबदला मामुली नसतो. कित्येकदा तो लाखभर डॉलरच्या घरात जातो. त्याच्या बदल्यात यजमानांना आपल्या प्रेक्षकांसमोर एक बिनधोक विजय मिळतो. क्वचित पाहुणाच सामना जिंकतो आणि विजयाबरोबर पैसेही घेऊन घरी जातो, ही गोष्ट वेगळी.

अशा एका सामन्याची कल्पना करा. चाळीस मिनिटांपैकी बत्तीस मिनिटे संपली आहेत आणि यजमान संघ 28 गुणांनी पुढे आहे. प्रशिक्षकाने आता काय करावे? पूर्वापार शिरस्ता असा, की आघाडी हाताबाहेर गेली म्हणजे मुख्य खेळाडूंना बाकावर बसवावे, पूर्ण मैदानभर दबाव टाकणारा बचाव आवरता घ्यावा, आणि वर्षभर पहाटे उठून सराव करणाऱ्या पण सामन्यात कधी न दिसणाऱ्या मुलांना उतरवावे. त्यांच्यापैकी काहींना तर शिष्यवृत्तीही नसते. स्वतःचे शुल्क भरून ती संघात राहतात, आणि डिसेंबरातील अशा एखाद्या संध्याकाळची शेवटची चार मिनिटे हेच त्यांच्या पदरी पडणारे वेतन असते. या शिरस्त्यात सौजन्य होते, आणि हिशेबही होता. मुख्य खेळाडूचा गुडघा निकाल लागलेल्या सामन्यात दुखावला, तर त्या प्रशिक्षकाला क्षमा करणारा कोणीही नसतो.

आज हा शिरस्ता मोडला आहे असे मी म्हणणार नाही. पण तो पाळताना प्रशिक्षकाचा हात आता किंचित अडखळतो, आणि हे अडखळणे ज्या आकडेमोडीमुळे आले आहे तिच्याविषयी मला आज बोलायचे आहे.

अमेरिकन विद्यापीठ क्रीडासंघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, पहिल्या श्रेणीत पुरुषांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत, आणि मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेत जागा आहेत केवळ 68. त्यांतील 31-32 जागा निरनिराळ्या लीगच्या विजेत्यांना आपोआप मिळतात. उरलेल्या 36-37 जागा निवडसमिती आपल्या विचाराने देते. साडेतीनशे संघांनी आपसांत सामने खेळणे शक्य नाही, तेव्हा परस्परांशी कधीही न भिडलेल्या दोन संघांत उजवा कोण हे ठरवण्यासाठी काही मापदंड लागतो. 1981 पासून हे काम आरपीआय नावाच्या निर्देशांकाकडे होते. त्याची घटना अगदी सोपी होती: स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला एक चतुर्थांश वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला निम्मे, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले एक चतुर्थांश. सामना किती गुणांनी जिंकला याची या दप्तरात नोंदच नव्हती. एका गुणाने जिंका की चाळीस गुणांनी, विजय तो विजय.

तेव्हा लबाडी नव्हती असे मात्र समजू नये. ती वेळापत्रकात होती. आपले निम्मे मूल्य प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांवर ठरते हे एकदा कळल्यावर, दुबळ्या लीगमध्ये भरमसाट सामने जिंकणारा पण बलवान संघापुढे न टिकणारा प्रतिस्पर्धी शोधून काढणे ही एक कलाच होऊन बसली. म्हणजे चातुर्य मैदानावर नव्हे, कचेरीत खर्ची पडत असे. शेवटची पाच मिनिटे कोण खेळतो याच्याशी त्या चातुर्याला कर्तव्य नव्हते.

2018-19 च्या हंगामापासून आरपीआय निवृत्त झाला आणि त्याच्या गादीवर ‘नेट’ नावाची नवी पद्धती आली. तिच्या आरंभीच्या पाच घटकांत गुणफरक हा एक होता, परंतु त्याला दहा गुणांची मर्यादा घातली होती. अकरावा गुण मिळवा की एकेचाळिसावा, दप्तरी दहाच जमा. दुबळ्याला चिरडण्याचा मोह होऊ नये, हा त्यामागचा हेतू उघड होता. पण त्याच पाच घटकांत ‘कार्यक्षमता’ नावाचा आणखी एक घटक होता, आणि त्याला अशी मर्यादा जाहीर केलेली नव्हती. पुढे 2020-21 च्या हंगामापासून तीन घटक वगळण्यात आले, त्यांत तो मर्यादित गुणफरकही गेला, आणि दोनच उरले: एक, कोणाला कुठे हरवले याचा हिशेब मांडणारा, दुसरा, ही कार्यक्षमता, प्रतिस्पर्ध्याच्या बळानुसार आणि मैदानानुसार सुधारून घेतलेली. पुढच्या दारावर पहारेकरी बसवावा आणि मागचे दार सताड उघडे ठेवावे, तसा हा प्रकार झाला.

कार्यक्षमता म्हणजे काय, ते थोडे सावकाश पाहू. चेंडू एका संघाच्या हाती आला की दुसऱ्याकडे जाईपर्यंत त्या संघाचा एक ताबा झाला. किती ताबे झाले याचा अंदाज घेण्यासाठी एकूण फेकींतून, आपल्याच हुकलेल्या फेकीचा चेंडू परत मिळवल्याच्या खेपा वजा करतात, गमावलेले चेंडू मिळवतात, आणि मुक्तफेकींच्या संख्येला 0.475 ने गुणून तेही त्यात घालतात. मग शंभर ताब्यांमागे आपण किती गुण केले आणि किती दिले, यांतील अंतर काढायचे. ही कल्पना ‘नेट’च्या कितीतरी आधीची आहे, केन पॉमरॉय या हवामानशास्त्रज्ञाने आपल्या क्रमवारीतून ती घराघरांत पोचवली. तिच्यात मूलतः न्यायबुद्धी आहे: जो संघ संथ खेळतो त्याचे गुण कमी पडतात, म्हणून तो दुबळा ठरू नये.

आता आपला तो सामना. प्रत्येक बाजूला साधारण 70 ताबे येतात असे धरा. 28 गुणांनी जिंकल्यास शंभर ताब्यांमागे 40 चे अंतर पडते. 38 गुणांनी जिंकल्यास ते 54 च्या वर जाते. तीस सामन्यांचा हंगाम धरला तर एकवीसशे ताबे होतात, आणि त्या एकाच संध्याकाळचे जास्तीचे दहा गुण संबंध हंगामाच्या सरासरीत जवळजवळ अर्ध्या गुणाची भर घालतात. अर्धा गुण म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. परंतु क्रमवारीच्या ज्या भागात चाळिसावा आणि पन्नासावा यांच्यात खरोखरीचे अंतर फारसे नसते, त्या भागात एवढ्याने दोन-तीन क्रमांक इकडचे तिकडे होऊ शकतात; आणि ज्याचा स्पर्धेतील प्रवेश कुंपणावर आहे त्या प्रशिक्षकाची नोकरी कित्येकदा त्याच दोन-तीन क्रमांकांत असते. शिवाय ही सुधारित कार्यक्षमता प्रतिस्पर्ध्याची पत पाहून अपेक्षा बांधते. ज्याला तीस गुणांनी हरवणे अपेक्षित होते त्याला वीस गुणांनी हरवले, तर जिंकूनही या घटकात घसरण होते. सामना जिंकून घरी आलेला माणूस सकाळी क्रमवारी पाहतो आणि आपण खाली आल्याचे त्याला कळते, हा अनुभव आरपीआयच्या काळातही येई, पण तेव्हा दोष वेळापत्रकाचा असे. आता तो शेवटच्या पाच मिनिटांचाही असू शकतो.

मला स्वतःला सर्वांत बोलकी वाटते ती सामन्याची शेवटची चाळीस सेकंदे. पुरुषांच्या विद्यापीठ बास्केटबॉलमध्ये चेंडू हाती आल्यावर तीस सेकंदांत फेक करावी लागते. सामन्याचेच तीसपेक्षा कमी सेकंद उरले असतील तर मात्र हे बंधन राहत नाही, आणि आघाडीवरचा संघ चेंडू नुसता टप्पे देत वेळ संपू देऊ शकतो. पण चेंडू चाळीस सेकंद उरले असताना हाती आला तर? सभ्य संकेत असा, की फेक करूच नये. तीस सेकंद संपू द्यावीत, पंचाची शिट्टी वाजू द्यावी, आणि चेंडू निमूटपणे पाहुण्यांच्या स्वाधीन करावा. प्रेक्षकांत बसलेल्याला हे दृश्य सौजन्याचे वाटते. हिशेबाच्या वहीत मात्र ते असे उतरते: ताबा एक, गुण शून्य, चेंडू गमावला. समोरचा संघ उरलेल्या दहा सेकंदांत तीन गुणांची फेक टाकून गेला, तर त्या सौजन्याची किंमत आणखी वाढते. वर्षभर बाकावर बसलेला तो मुलगा मधोमध चेंडू घेऊन उभा असतो, त्याचे सवंगडी ‘टाक, टाक’ म्हणून ओरडत असतात, कारण त्याच्या नावावर अद्याप एकही गुण नाही, आणि प्रशिक्षकाने हाताने ‘थांब’ अशी खूण करावी की नजर दुसरीकडे वळवावी, हा प्रश्न उरतो. पूर्वी या प्रश्नात दोनच पक्ष होते, तो मुलगा आणि पाहुणा संघ. आता निवडसमितीचा तक्ता हा तिसरा पक्ष येऊन बसला आहे.

हरणाऱ्या बाजूचीही कैफियत ऐकली पाहिजे. वीस गुणांनी मागे पडलेला प्रशिक्षक पूर्वी शरणागती पत्करून आपली राखीव मुले उतरवीत असे. आता वीसचे बारा करून हरणे यालाही मोल आले आहे, म्हणून त्याचे मुख्य खेळाडू मैदानावर राहतात. आणि ते राहिले म्हणजे आघाडीवाल्यालाही आपले खेळाडू काढण्याचा धीर होत नाही. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून वाट पाहत राहतात. आकडेमोडीचे मला दिसणारे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. कोणी क्रूर झाला नाही, पण थांबण्याची सुरुवात कोणी करायची याचे उत्तर हरवले.

शिवाय ‘नेट’च्या क्रमांकावरून विजयांचे चार वर्गही पाडतात. पहिल्या तिसांतील संघाला आपल्या मैदानावर, पहिल्या पन्नासांतील संघाला तटस्थ मैदानावर, किंवा पहिल्या पंचाहत्तरांतील संघाला त्याच्या घरी हरवले, तर तो पहिल्या वर्गातील विजय. त्यामुळे तिसावा आणि एकतिसावा यांत जी फट आहे ती त्या संघाच्या एकट्याच्या नशिबाची राहत नाही. त्याच्या लीगमधील प्रत्येक शेजाऱ्याचे त्यात हितसंबंध गुंततात. एखाद्या लीगच्या सर्व संघांनी डिसेंबरात दुबळ्या पाहुण्यांना भरभक्कम फरकाने हरवले, की जानेवारीत ते आपसांत खेळू लागतात तेव्हा त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येक सामना वरच्या वर्गातला गणला जातो, आणि हरणाऱ्यालाही फारसे गमवावे लागत नाही. 2023-24 च्या हंगामात ‘बिग ट्वेल्व्ह’ या बलाढ्य लीगवर हाच आक्षेप घेतला गेला. त्याच वर्षी इंडियाना स्टेट हा लहान लीगमधला संघ ‘नेट’च्या पहिल्या तिसांत असूनही समितीने त्याला जागा दिली नाही. म्हणजे समिती या क्रमवारीला आंधळेपणाने शरण जात नाही, हेही त्यावरून दिसते. मात्र ते इंडियाना स्टेटच्या बाबतीतच दिसावे, याचे त्या मुलांना काय समाधान वाटले असेल!

जिंकलेला सामना कुठे थांबवावा, हा पेच महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाही. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्धच्या रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर 443 धावांवर नाबाद होते, ब्रॅडमनच्या 452 धावांच्या विक्रमापासून केवळ नऊ धावा दूर, महाराष्ट्राच्या चार बाद 826 धावा झाल्या होत्या, आणि काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. या घटनेकडे आपण नेहमी निंबाळकरांच्या बाजूने पाहतो, आणि ते साहजिकही आहे. पण दोन दिवस उन्हात चेंडू अडवणाऱ्या त्या अकरा जणांना आपली मानहानी दुसऱ्याच्या विक्रमाच्या खाती जमा होताना पाहायची नव्हती, हेही समजण्यासारखे आहे. तिथे निदान विक्रम एका माणसाचा होता आणि समोर उभा होता.

मी आकड्यांचा वैरी नाही. गुणफरक खोटे बोलत नाही. एका गुणाने दहा सामने जिंकणारा संघ आणि वीस गुणांनी दहा सामने जिंकणारा संघ यांत पुढच्या सामन्यात कोण जिंकेल, हे सांगायला तो फरकच उपयोगी पडतो. अडचण अशी, की ‘कोण बलवान आहे’ आणि ‘कोणी आपली जागा कमावली आहे’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि गुणफरक हे पहिल्याचे उत्तर आहे. अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी हा भेद आधी ओळखला. त्यांच्या विद्यापीठीय अजिंक्यपदाच्या व्यवस्थेने, म्हणजे बीसीएसने, 2002 पासून संगणकीय क्रमवाऱ्यांतून गुणफरक समूळ काढून टाकायला लावला. बास्केटबॉलने त्याच्या उलट वाट धरली. मात्र 2024-25 पासून समितीपुढच्या तक्त्यावर आणखी एक रकाना आला आहे: कुंपणावरच्या एखाद्या साधारण संघाने हेच वेळापत्रक खेळले असते तर त्याने किती सामने जिंकले असते, आणि तुम्ही त्याहून किती अधिक जिंकलात. या रकान्यात एका गुणाचा विजय आणि चाळीस गुणांचा विजय पुन्हा सारखे झाले आहेत. काही खासगी गणितज्ञ तर निकाल लागून गेल्यानंतरचे ताबे हिशेबातच धरत नाहीत, आणि मला तो मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. आघाडी अमुक झाली आणि वेळ तमुक उरला, की वही मिटावी, आणि उरलेला खेळ त्या बाकावरच्या मुलांच्या स्वाधीन करावा. संघटनेने हे अधिकृतपणे केले, तर आघाडीची ती रेषा गाठेपर्यंत आणखी जोराने खेळण्याचा मोह उत्पन्न होईल, असा आक्षेप घेता येईल, आणि तो खराही आहे. पण तेवढा मोह पत्करायला हरकत नाही, कारण त्या रेषेपर्यंतचा खेळ हा अजून सामनाच असतो.