श्रमाची शिदोरी



आम्ही चळवळीतली माणसे. मजुरी आणि कामाचे तास हा आमचा नित्याचा विषय. तथापि आज श्रमिकाच्या देहातल्या कोठाराविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे. कारण त्याचा हिशेब कळल्यावाचून जेवणाच्या सुटीचा हिशेब लागत नाही.

आपल्या भंडाऱ्याचा भात पोटात गेला की त्याचे ग्लुकोज होते. ढोलीत धान साठवावे तसे शरीर ते ग्लायकोजेनच्या रूपाने साठविते. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ साली हे द्रव्य यकृतातून वेगळे काढले.

ग्लुकोजची साखळी वाढविणारे विकर म्हणजे ग्लायकोजेन सिंथेज. पण त्याला शून्यातून आरंभ करता येत नाही. असलेल्या साखळीलाच ते पुढची कडी जोडते. मग पहिली कडी घालतो कोण? याचे उत्तर १९८० नंतरच्या दशकात मिळाले: ग्लायकोजेनिन. हे प्रथिन स्वतःच विकर आहे. त्याचे दोन रेणू जोडीने राहतात आणि एकमेकांच्या अंगावर ग्लुकोज चढवितात. सुमारे दहा कड्या झाल्या की सिंथेज काम हाती घेते आणि तिसरे विकर साखळीला फांद्या फोडते. फांद्या अनेक, म्हणून टोके अनेक. गरजेच्या वेळी सर्व टोकांकडून साखर झटपट सुटते. संघटनाही अशीच उभी राहते, हे आमच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही!

स्नायूंत हा साठा सुमारे ४०० ग्रॅम, तर यकृतात सुमारे १०० ग्रॅम असतो. स्नायूचा साठा स्नायूच वापरतो. रक्तातील साखर यकृत सांभाळते, आणि दिवसभराच्या उपवासाने यकृताचे कोठार जवळजवळ रिते होते.

२०१७ साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली. ग्लायकोजेनिन नसलेल्या उंदरांच्या स्नायूंतही ग्लायकोजेन साठले, नेहमीपेक्षा अधिकच. तरी ते लवकर थकले. म्हणजे नुसता साठा म्हणजे बळ नव्हे. त्याची नीट व्यवस्थाही हवी.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली, ती मेहेरबानी नव्हती. परंतु सुपापुढे बसून विड्या वळणाऱ्या आमच्या भगिनीला सुटीची घंटा नाही. हजार विड्यांमागे मजुरी, म्हणून ती जेवण पुढे ढकलते. तिला थांबून दोन घास खाता येतील असा दर मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे. कोठार भरायला वेळ लागतो. तो वेळही श्रमाचाच भाग आहे.