दमा आणि लेखी आराखडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षे बसलो. "डोक्यात आहे असे सांगू नकोस, कागदावर दाखव," हे त्यांचे नेहमीचे सांगणे. पुढे वैद्यकीच्या व्यवसायात पडल्यावर हा धडा मी विसरलो. तो एका मातेने मला पुन्हा शिकविला.

बेळगावचा पावसाळा, त्यातली ओल आणि भिंतीवरची बुरशी दमेकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. अशाच एका पावसाळ्यात मध्यरात्र उलटल्यावर दहा वर्षांच्या एका मुलाला माझ्याकडे आणले. ओठ निळसर पडले होते, एक वाक्यही सलग बोलवत नव्हते. रोजचा पंप 'आता बरे आहे' म्हणून उन्हाळ्यातच बंद झाला होता. चार दिवस केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर निभावले होते. मुलगा सुदैवाने वाचला. मी रागावलो, तेव्हा आई म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही सांगता ते दवाखान्यात सगळं कळतं. रात्री दोन वाजता कोण सांगणार?" तिच्याजवळ माझी चिठ्ठी होती; पण ती इंग्रजीत, आणि तिच्यात फक्त औषधांची नावे. दोष माझाच होता.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. आराम देणारे औषध आवळलेली नलिका सैल करते, सूज मात्र उतरवीत नाही. ते काम श्वासावाटे घ्यावयाच्या अल्प मात्रेतील स्टेरॉइडचे. म्हणूनच 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या जागतिक उपक्रमाने २०१९ पासून, प्रौढ व कुमारवयीन रुग्णांना केवळ तात्पुरत्या आरामाच्या औषधावर ठेवू नये, असे सांगितले आहे.

त्या रात्रीनंतर मी प्रत्येक दमेकऱ्याला एक पानी आराखडा लिहून देऊ लागलो. त्याचे तीन भाग असतात. हिरव्या भागात रोजचे औषध: बरे वाटले तरी ते चालू ठेवावयाचे. पिवळ्या भागात बिघाडाच्या खुणा: रात्री खोकल्याने जाग येणे, छातीतून शिट्टीसारखा आवाज, आरामाचा पंप वरचेवर लागणे, आणि अशा वेळी कोणते औषध किती वाढवावयाचे, ते. तांबड्या भागात संकट: बोलताना धाप, ओठ निळे, पंपाने उतार नाही. तेव्हा लिहून दिल्याप्रमाणे स्पेसरमधून आरामाचे औषध देत तत्काळ रुग्णालय गाठावयाचे. सकाळची वाट पाहावयाची नाही. घरी पीक फ्लो मीटर असल्यास रुग्णाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर हिरवा, ५० ते ८० पिवळा आणि ५० च्या खाली तांबडा भाग धरतात. मात्रा ज्याची त्याच्या डॉक्टरनेच लिहावी. शेजाऱ्याचा कागद उतरवून घेऊ नये.

हा कागद घरातल्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत हवा. आपल्या सीमाभागात घरासाठी मराठी आणि शेजाऱ्यासाठी कन्नड अशा दोन प्रती मी देतो. तिसरी प्रत मुलाच्या वर्गशिक्षकांकडे असावी, अशी या शाळेला माझी विनंती आहे. दर पावसाळ्यापूर्वी तो डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. त्याचा आराखडा आजही कपाटाच्या दारावर आतून चिकटविलेला असतो. गुरुजी असते, तर त्यांनी माझ्या त्या कागदाचे शुद्धलेखनही तपासले असते.